गोठ्यातला डास, माजघरातला डास

माझी नात सांगते, आता डासाची जात ओळखायला पुरा डास लागत नाही, एक पाय पुरतो. तो पाय औषधात विरघळवायचा, यंत्रात घालायचा आणि आतली अक्षरांची ओळ वाचायची. साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात ना आजी, तसंच समज, म्हणाली. त्याला डीएनएचा बारकोड म्हणतात. दिसायला हुबेहूब असलेले दोन डास, एक माणसाला ताप देणारा आणि एक गाईम्हशींवर जगणारा, अशा रेघांनी वेगळे निघतात. हे ती जेवताना सांगत होती. मी ताट सारून उठले. तिला वाटलं, जेवताना डासाचं बोलल्यामुळे मला किळस आली. मला डासाची किळस कधीच नव्हती. डासांनी माझं घर चालवलं. मला राग आला तो एवढ्याचाच की हे यंत्र यायला इतका उशीर का झाला.

मी चौथीपर्यंत शिकले. गोड करून लिहिणं मला येत नाही.

सत्तर सालाच्या पुढेमागे नवऱ्याचं गिरणीतलं काम कधी असे, कधी नसे. तेव्हा मला नागपुरात एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर घेतलं. मलेरियाचे डास कुठल्या गावात आहेत आणि कोणत्या जातीचे आहेत हे पाहणारी ती कचेरी. पुरुष कामगार गावोगाव जाऊन पहाटे डास धरून आणत. साहेब ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जात ठरवत. माझ्याकडे डास पाळायचं काम होतं. इनॅमलच्या पसरट भांड्यांत अळ्या, जाळीच्या पिंजऱ्यांत डास. त्यांना साखरपाण्यात बुडवलेला कापूस द्यायचा, अळ्यांचं पाणी बदलायचं, मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे ठेवायचे. आमच्या गल्लीत माझी टर उडवायचे. शेजारीण दारात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "सरकार डास पोसून राहिलं अन् हिले त्याची दाई ठेवून राहिलं."

कचेरीत काम करता करता मला थोडं कळायला लागलं. मलेरियाचा डास बूड वर करून बसतो, त्याच्या पंखांवर ठिपके असतात. घरातला नेहमीचा डास कुबड काढून बसतो. एवढं कुणालाही दोन दिवसांत शिकवता येतं. त्यापुढचं सगळं साहेबांना ठाऊक. मलेरियाच्या डासातही पुष्कळ जाती असतात, आणि सगळ्याच माणसाला ताप देत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलं. साहेब सरळ माणूस होते. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणत. असे साहेब मी पुढे फार पाहिले नाहीत.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं.

तिला उमरेडच्या पलीकडे एका गावात दिली होती. आई आमची आधीच गेलेली, त्यामुळे लग्न मीच लावून दिलं. घर खाऊनपिऊन बरं होतं. मिरचीचं शेत, बैलजोडी, दोन म्हशी. नवरा गरीब स्वभावाचा, आईच्या शब्दाबाहेर नाही. घराला लागूनच गोठा, गोठ्याला लागून माजघर, मधे फक्त कुडाची भिंत. माजघरात बहीण निजायची, कणग्यांच्या आडोशाला.

पावसाळा सरला की त्या गावात ताप यायचा. थंडी वाजून, दात वाजवत. दर साली यायचा, म्हणून कुणी त्याला फार मोजत नव्हतं. बहिणीला दिवस गेले आणि ताप आला. चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेलाही ताप आला आणि तसंच झालं. गावानं तापाचं नाव घेतलं नाही. हिची कूसच धरत नाही, असं बोललं जाऊ लागलं. तिसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा सासू स्पष्टच बोलली: या खेपेला नाही टिकलं तर मुलाला दुसरी करीन. कायद्यानं दुसरी करता येत नव्हती. करणारे करत होते.

बहिणीचा निरोप आला. मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बायकांचं असलं बोलणं परक्या पुरुषापुढे करायची तेव्हा रीत नव्हती. मी केलं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पोटुशीला हा ताप फार वाईट, पोर जातं, हे पुस्तकात आहे. मी म्हटलं, मग त्या गावात फवारा मारा. त्यावर ते म्हणाले, औषध थोडं आहे आणि गावं पुष्कळ आहेत. कुठे मारायचं हे ठरवताना तिथला डास माणसाला ताप देणारा आहे की जनावरांवर जगणारा, हे वर कळवावं लागतं. तुमच्या बहिणीच्या गावचा डास आमच्या माणसांनी मागेच आणला होता. त्याच्या पोटातलं रक्त तपासलं, ते जनावराचं निघालं.

मग त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं. आमची माणसं पहाटे गावात जातात. त्या वेळी घरात बायका निजलेल्या असतात, कुणाची अंघोळ चाललेली असते. टॉर्च घेतलेल्या परक्या पुरुषाला माजघरात कोण शिरू देणार? ओसरीवर चहा देतात आणि गोठा दाखवतात. गोठ्यात डासही भरपूर, धरायलाही सोपे. मग गोठ्यातला डास तपासला तर रक्त जनावराचंच निघणार. हे त्यांना कळत होतं, पण त्यांच्या हाताखाली घरात शिरू शकेल असं बाईमाणूस नव्हतं. म्हणजे होतं, पण ते अळ्यांचं पाणी बदलत होतं.

त्यांनी मला डास धरायला शिकवलं. वाकडी काचेची नळी, तिला रबराची नळी जोडलेली, मधे बारीक जाळी म्हणजे डास तोंडात जात नाही. भिंतीवर बसलेल्या डासावर काच टेकवायची आणि तोंडानं हलकेच ओढायचं. मग छोट्या नळीत फुंकून सोडायचं आणि कापसाचा बोळा लावायचा.

मी एसटीनं उमरेडला गेले आणि तिथून बैलगाडीनं गावात. बहीण पिवळी पडली होती. चौथा सरत आला होता आणि ताप येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी मी माजघरात टॉर्च लावून भिंती शोधायला लागले. कणगीच्या मागे, खुंटीवरच्या लुगड्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्याच्या खाली, जिथे अंधार तिथे ते बसलेले होते, बूड वर करून. सासू दारात उभी राहून बघत होती.

"शहरात राहून डास चोखाले शिकली का वं, इहीणबाई?"

मी नळी तोंडातून काढली नाही. ती पुढे बरंच बोलली. तिच्या सासूच्या काळातही डास होते, त्यांनाही पोरं झाली, गावातल्या इतर बायकांनाही होतात, मग डासानं हिलाच काहून धरलं. खरं म्हणजे गावातल्या इतर बायकांचीही पोरं जात होती. कुणी बोलत नव्हतं एवढंच. आणि हिची तर लागोपाठ पहिलीच दोन.

डास धरून झाल्यावर मी सासूपुढे बसले आणि सांगितलं की बहिणीला मी आजच नागपूरला नेते. ताप सरेपर्यंत तिथे ठेवते, बाळंतपणही करते. ती बाई रागावली नाही. घाबरली. आमच्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी धाडतात. त्याआधी पोटुशी बाई वेस ओलांडत नाही.

"सातवा लागू द्या," ती म्हणाली. "वटी भरून, नारळ घालून, मी सोता गाडीत बसवून देतो. आता कच्च्या दिवसांत नेली अन् एसटीत काही झालं, त मी गावाले तोंड कसं दाखवू?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे बाई. सातव्यात येईन ना मी." तिला भांडण नको होतं. तिला त्या घरात राहायचं होतं. नवऱ्यावर तिचा जीव होता, हे मी त्या वेळी फार धरलं नाही. मला तो नुसता आईचा लेक वाटत असे.

नळ्या ओल्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून मी परत आले. मेले तर मेले, पण सुकायला नको होते. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे. मी म्हटलं, औषध.

साहेबांनी माझे डास एका बाजूला ठेवले आणि गोठ्यातले आधीचे दुसऱ्या बाजूला. सकाळपासून दुपारपर्यंत एकेक भिंगाखाली धरून पाहिला. पंखांवरचे ठिपके, सोंडेजवळच्या मिशा, पायांवरचे पट्टे. जेवायला उठले नाहीत. मी दारात उभी होते. शेवटी चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "बाई, माझ्या डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. मला वाटतं एक नसावेत. पण मला वाटतं म्हणून लिहिता येत नाही."

मग माझ्या डासांचं पोट टीपकागदावर दाबून रक्ताचे डाग घेतले आणि ते बाहेरगावी तपासायला पाठवले. उत्तर यायला फार दिवस लागले. इकडे मी रोज कामावर जाऊन अळ्यांचं पाणी बदलत होते. आमच्या पिंजऱ्यातल्या डासांना मी कापूस द्यायची आणि मनात यायचं, तुम्ही कोणातले आहात, सांगा ना. असलं बोलणं मी मोठ्यानं कधी केलं नाही. लोकांनी दाईची वेडी केली असती.

उत्तर आलं. माजघरातल्या काहींच्या पोटात माणसाचं रक्त, काहींच्या पोटात जनावराचं. जात मात्र भिंगाखाली एकच. कुडाच्या एका बाजूला म्हशी आणि दुसऱ्या बाजूला माझी बहीण. साहेबांनी तसंच वर कळवलं. ही जात बहुतेक जनावरांवर राहणारी आहे, माणसालाही चावते, नक्की सांगता येत नाही. नक्की सांगता येत नाही अशा गावाला त्या वर्षी औषध मिळालं नाही. ते कोळशाच्या खाणींकडच्या गावांना गेलं. तिथेही माणसं तापानं तडफडत होती, त्यांचं औषध मी हिसकावून घेतलं असतं असं नाही. पण साहेबांना त्या दिवशी दोन डास वेगळे करून दाखवता आले असते तर? कुणाला करता येत नव्हते. तेव्हा पुऱ्या देशात कुणाला येत नसावेत.

सातवा लागायला थोडेच दिवस उरले होते. सासूनं ओटीसाठी नारळ आणि खण आणून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. बहिणीचा नवरा, आमचे जावई, स्वतः आले, माझ्या दारात चपला न काढता उभे राहिले. मला काही विचारावं लागलं नाही; तिसरंही गेलं होतं.

वर्षाच्या आत घरात दुसरी आली. सावनेरकडची होती, गरिबाची, वयानं लहान. बहीण पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आली ती कायमची. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीत विड्या वळायचं काम मिळायचं, ते तिनं धरलं. तिची बोटं फार लवकर त्या कामाला लागली.

जावई मिरची विकायला नागपूरला येत, तेव्हा आमच्याकडे वळत. घरात येत नसत. पायरीवर बसत, पाणी पीत, मिरचीची एक पुडी ठेवत आणि जात. बहीण आत विडीची पानं कापत बसलेली असे. गल्लीतल्या बायका म्हणत, सोडलेल्या बायकोच्या दारात काय काम याचं. मीही म्हणायची. ती म्हणायची, "बसू दे, बाई. पायरी काय झिजते?"

एकदा असेच आले. ज्येष्ठ सरत आला होता, पाऊस तोंडावर होता. इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली मान घालून सांगितलं की त्या दुसरीला दिवस गेलेत. मला वाटलं, हे सांगायला हाच दरवाजा सापडला का. मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण मांडीवरचं सूप बाजूला ठेवून दारात आली. सोडल्यापासून ती त्यांच्याशी सरळ बोललेली मी पाहिली नव्हती.

"तिले सातव्यापर्यंत ठेवू नोका," ती म्हणाली. "पानी पडाच्या आधी तिच्या मायकडे नेऊन घाला. थंडी पडेपर्यंत आनू नोका. त्या माजघरात तर निजूच देऊ नोका."

ते म्हणाले, माय ऐकणार नाही.

"डासाचं सांगाल त नाहीच ऐकनार. मायले सांगा, त्या माजघरात पहिलीची सावली हाय, म्हनून नेऊन राहिलो. हे त्या ऐकतीन."

मी तिचा दंड धरला. मी म्हटलं, तुला कळतं का तू काय बोलून राहिली? स्वतःच्या तोंडानं स्वतःवर हे लावून घेते? उद्या गावभर होईल, नागपुरात होईल, तुला कोणी दारात उभी करणार नाही. तिनं दंड सोडवून घेतला. रागानं नाही, काम अडलं होतं तसं. म्हणाली, "माझं काय व्हाचं राहिलं वं बाई? पोरगी लहान हाय ती."

जावयांनी तसंच केलं. आयुष्यात एकदा त्या माणसानं आईचा मान न राखता एक काम केलं, तेही खोटं बोलून. आईनं ऐकलं. सावलीचं नाव काढल्यावर सातव्याची रीत तिनं बाजूला ठेवली. तापासाठी ठेवली नसती. ती दुसरी पावसाळाभर आणि पुढे थंडी पडेपर्यंत सावनेरला राहिली. पौषात तिला मुलगी झाली. धडधाकट. बारशाला आम्हाला बोलावणं नव्हतं, ते नसणारच. जावई पेढे घेऊन आले, पायरीवर बसले. बहिणीनं एक पेढा खाल्ला आणि बाकीचे गल्लीतल्या पोरांना वाटले.

मला वाटलं होतं, आता तरी लोकांना दिसेल. तेच घर, तोच नवरा. जिला डासांतून काढली तिचं पोर जगलं. याहून सरळ काय असतं? पण लोकांनी वेगळंच पाहिलं. दुसरीची कूस चांगली, म्हणून पोर झालं. पहिलीची सावली टाळली, म्हणून जगलं. सासू हे सगळ्यांना सांगत सुटली, खोटेपणानं नाही, मनापासून. बहिणीनं दिलेलं खोटं तिच्याच अंगाला चिकटलं. त्या पोरीला जगवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच, तेवढंच होतं, ते तिनं दिलं.

ते बोलणं नागपूरला यायला वेळ लागला नाही. गल्लीतल्या पोटुश्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर पोटावर ओढून घेत. माझ्या मुलीला दिवस गेले आणि आम्ही तिला ओटी भरायला माहेरी आणली, तेव्हा तिच्या सासरच्या बायकांनी मला बाजूला घेतलं आणि मावशीला आज कुठे पाठवता येईल का, असं विचारलं. मी त्यांना तापाचं सांगितलं, डासांचं सांगितलं, साहेबांचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, ती कुठे जाणार नाही. ती येऊन मुलीच्या ओटीत तांदूळ घालेल, ज्यांना पाहवत नसेल त्यांनी जावं. आणि मी तिला हाताला धरून आणली. तिनं मुलीपासून लांबच उभं राहून पाटावर तांदूळ ठेवले आणि मागल्या दारानं निघून गेली. तिच्या मागे सगळ्या मोकळ्या बोलायला लागल्या. मुलीलाही हायसं वाटलेलं मी पाहिलं. माझीच मुलगी.

साहेब निवृत्त व्हायच्या सुमाराला, ऐंशीनंतर, एकदा मला बोलावून म्हणाले की आपण ज्याला एक डास समजत होतो ती एक जात नाही. मादी डासाच्या अंडाशयातून काही धागे काढून पाहायची नवी पद्धत आली आहे, त्यात ती वेगवेगळी निघते. बाहेरून सारखी, आतून वेगळी. त्यातली एक बहुतेक जनावरांनाच चावते, बाकीच्या माणसाला ताप देतात. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. म्हणाले, "तुमची बहीण आहे ना अजून?" मी म्हटलं, आहे.

संध्याकाळी मी घरी येऊन तिला सांगितलं. ती विड्यांची बंडलं बांधत होती. दोरा दातात होता, तो तोडून तिनं विचारलं, "मग आपल्या माजघरातले कोणते होते?"

मी साहेबांना हेच विचारलं होतं. ते धागे ताज्या डासातूनच काढावे लागतात, वाळलेल्यातून निघत नाहीत. आणि माझे ते डास वाळलेलेही उरले नव्हते. एका पावसाळ्यात बुरशी लागली म्हणून कपाट साफ केलं तेव्हा पेटीसकट गेले. मी तिला सांगितलं, आता कळणार नाही.

"नाही का," ती म्हणाली आणि दुसरं बंडल बांधायला घेतलं.

गावात आणि गल्लीत तिचं जे ठरलं होतं ते ती मरेपर्यंत तसंच राहिलं. मी ज्याला त्याला तापाचं सांगत राहिले. चौथी शिकलेली बाई, आणि तिची सख्खी बहीण, माझं कोण ऐकतो.